चौसष्ट काचांमधलं लग्न

बावीस वर्षं मी लोकांची लग्नं सजवते आहे. माझ्याकडे दोन माणसं आहेत, एक टेम्पो आहे आणि एक जाडजूड वही आहे. वहीत आजवरच्या सगळ्या सजावटींचे फोटो चिकटवलेले आहेत. गिऱ्हाईक वही चाळतं, एका पानावर बोट ठेवतं, आणि मी ते पान त्यांच्या हॉलमध्ये उभं करून देते. पाहुणे आत शिरायला लागले की आम्ही मागच्या दारानं बाहेर. एवढी लग्नं केली, पण खरं सांगायचं तर एकही पाहिलं नाही.

म्हणून माझ्या भाचीचं लग्न ठरलं तेव्हा मी छाती ठोकून सांगितलं, "सजावटीचं माझ्यावर सोड. वहीतलं कुठलंही पान निवड, मावशीकडून आहेर."

भाचीला घरात सगळे ढापणी म्हणतात. शाळेत पहिल्यांदा चष्मा लागला तेव्हा पोरांनी चिडवायला ठेवलेलं नाव, ते तिनंच इतकं लाडानं वापरलं की चिडवणारे थकले. अजूनही फोन उचलला की म्हणते, "ढापणी बोलतेय." नंबर मायनस सात. चष्मा काढला तर समोरचा माणूस आहे की कपाट हे तिला विचारून घ्यावं लागतं. आणि पोरगी काम कुठे करते? चष्म्याच्या दुकानात. पुढे गिऱ्हाइकांसमोर नाही, मागच्या खोलीत. कच्ची काच चाकावर धरून चौकटीच्या आकाराची घासायची, काठाला धार द्यायची, चौकटीत बसवायची. आठ वर्षांत तिच्या बोटांच्या टोकांवरच्या रेषा पुसट झाल्या आहेत.

नवरा मुलगा पोहण्याच्या तलावावर शिकवतो. त्याच्याकडच्या एका मुलीला नंबर इतका जास्त होता की पोहताना तिला समोरची भिंत दिसायची नाही, डोकं आपटायचं. पोहायच्या चष्म्यात नंबरची काच बसवून मिळेल का, असं विचारत तो गावभर हिंडला. सगळ्यांनी हात वर केले. ढापणीनं तीन आठवडे खटपट करून ते जमवलं. तिसऱ्या आठवड्यात चष्मा तयार झाला आणि चौथ्या आठवड्यात तो उगाच आला. पाचव्यातही आला. मग आम्हाला काय ते कळलं.

लग्नाची बोलणी ताईच्या स्वयंपाकघरात झाली. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, ढापणीची आई. भाऊजींना जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हापासून तिनं एकटीनं हा गाडा ओढला होता, आणि लेकीचं लग्न थाटात करायचं हे तिनं मनाशी धरून ठेवलं होतं.

ढापणीनं एक कागद टेबलावर ठेवला. "ऐंशी माणसं. तलावावरचं जुनं पंपघर. सोमवारी तलाव बंद असतो, त्यामुळे जागा फुकट. सह्या, जेवण, झालं. आमच्या दोघांकडे जेवढे आहेत तेवढ्यातच करायचं."

खाली आकडा लिहिला होता. तेवढ्यात माझ्या एखाद्या कमानीची फुलंसुद्धा येत नाहीत.

"पंपघर?" ताई म्हणाली. "पंपघरात लग्न? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"पंप कधीच काढून नेलेत, आई. मोठी रिकामी खोली आहे. दार केवढं मोठं! दारातून समोर सगळा तलाव."

"अगं, मी देते म्हटलं ना," मी मध्ये पडले.

"तू हात दे, मावशी," ढापणी म्हणाली. "फुलं नको. मला कुणाचं तरी पान नकोय. आमचं काहीतरी हवंय."

मला ते जरा लागलंच. पण आमंत्रण पाहिलं आणि रुसवा गेला. डोळे तपासायला भिंतीवर तक्ता असतो ना, वर एक टप्पोरं अक्षर आणि खाली खाली बारीक होत जाणारं, तशी पत्रिका केली होती तिनं. सगळ्यात वर हे मोठं अक्षर: या. त्याखाली दोघांची नावं. त्याखाली वार आणि वेळ, त्याखाली पत्ता. आणि अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात: 'हे वाचता आलं नाही तर आधी दुकानात या, मग लग्नाला.' दुकानातल्याच यंत्रावर छापलेली, साध्या पांढऱ्या कागदावर. मी बावीस वर्षांत सोनेरी, मखमली, पेटीतून येणाऱ्या, उघडल्यावर गाणाऱ्या पत्रिका पाहिल्यात. कुठलीही हातात घेऊन मी आपणहून हसले नव्हते.

ताईसुद्धा कागद डोळ्यांपासून लांब धरून शेवटची ओळ लावत बसली होती. "काय लिहिलंय गं हे?"

"दुकानात ये, आई," ढापणी म्हणाली.

ज्यांचं दुकान, त्यांना सगळे चष्मेवाले काका म्हणतात. पंचाहत्तरी उलटलेली, शर्टाच्या खिशात नेहमी एक मऊ फडकं. ढापणी मला मागच्या खोलीत घेऊन गेली तेव्हा त्यांनी भिंतीएवढं एक कपाट उघडून दाखवलं. नुसते खण. खणांत पोस्टाच्या तिकिटाहून थोडे मोठे कागदी लखोटे, उभे, दाटीवाटीनं. प्रत्येकावर नाव, तारीख, नंबर.

"लोक नंबर वाढला की नवी काच घालून घेतात," काका म्हणाले. "चौकट तीच. जुनी काच इथेच टाकून जातात. टाकून देणार कशी? माणसानं त्यातून पाच-सात वर्षं जग बघितलेलं असतं. भाकरी भाजली, पोरांचे अभ्यास घेतले, पत्रं वाचली. माझ्या हातून काही ती कचऱ्यात पडेना."

"किती वर्षांच्या आहेत?"

"दुकान उघडल्यापासूनच्या. एकोणपन्नास."

ढापणीचं म्हणणं असं की लग्नाला येणारी जवळजवळ सगळी माणसं याच दुकानाची गिऱ्हाइकं. त्यांच्या, त्यांच्या आईवडिलांच्या काचा या खणांत आहेत. त्या टांगायच्या. फुलांऐवजी.

कल्पना मला आवडली. पण मी धंद्याच्या डोळ्यांनीच पाहिली, हे कबूल करते. चमचमाट. काचा म्हटलं की चमचमाट, आणि चमचमाट कसा करायचा हे मला शिकवायची गरज नाही. मी म्हटलं, मागच्या भिंतीलगत गडद निळा मखमली पडदा सोडू, त्याच्या दीड हात पुढे काचांची झालर. दारातून उजेड आला की असं लखलखेल की विचारू नका.

लग्नाच्या आधीच्या सोमवारी काकांनी नाव पुसट झालेल्या लखोट्यांतल्या काचा दिल्या आणि आम्ही करून पाहिलं. ढापणीनं प्रत्येक काचेच्या काठाला केसासारखी तार गुंडाळली, त्यातून मासेमारीची दोरी ओवली. माझ्या माणसांनी पडदा लावला. चार वाजेपर्यंत झालर टांगून झाली. मग पश्चिमेकडे कललेलं ऊन दारातून थेट आत आलं, भिंतीपर्यंत पोचलं, आणि खरंच लखलखलं. ताई दाराशी उभी होती. "छान आहे," म्हणाली. तिच्या तोंडून तेवढंच खूप होतं.

आम्ही दाराबाहेर पायरीवर चहा घेत बसलो. नवरा मुलगा कपबशा गोळा करायला उठला आणि थबकला. "काहीतरी जळतंय."

आत धावलो. मखमली पडद्याला पाच-सहा ठिकाणी वाटाण्याएवढी भोकं पडली होती. कडा लालसर, प्रत्येक भोकातून धुराची बारीक वेटोळी. एक भोक आमच्या डोळ्यांदेखत मोठं होत होतं. नवऱ्या मुलानं बादलीभर पाणी मारलं, माझ्या माणसांनी पडदा ओढून खाली घेतला.

ढापणी कपाळाला हात लावून उभी. "प्लसची काच," म्हणाली. "प्लसची काच ऊन गोळा करते. लहान पोरंसुद्धा भिंगानं कागद जाळतात. आठ वर्षं काचा घासते आणि माझ्या लक्षात येऊ नये?"

"लग्नात आग लागली असती," ताई एवढंच म्हणाली आणि चप्पल घालून निघून गेली. त्या एवढ्याशा वाक्यात पंपघर, पत्रिका, जावई आणि मी, सगळे आलो होतो.

रात्रभर मी वहीतली स्वस्तातली पानं शोधत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास काचा उतरवायला पंपघरात गेले. ढापणी येते म्हणाली होती, अजून पोचायची होती. काचा बांधून आणल्या होत्या ती पांढरी चादर कोपऱ्यात पडली होती. म्हटलं, आधी झटकून घ्यावी, मग तिच्यात काचा गुंडाळता येतील. झालरीच्या मागे, भिंतीपाशी उभी राहून मी चादर दोन्ही हातांनी उंच धरली.

चादरीवर तलाव होता.

मी हात तसेच ठेवून पाहत राहिले. वीतभर उंचीचा तलाव. निळा. इतका निळा, की चादर ओली झाल्यासारखी वाटली. पण उलटा. पाणी वर, आभाळ खाली, पलीकडची झाडं छपराला लटकल्यासारखी, आणि झाडांची पानं हलत होती. फोटो नव्हे. हलत होती! शेजारी आणखी एक तलाव, जरा लहान. त्याच्या शेजारी एक धूसर. प्रत्येक काचेमागे एकेक.

आणि मग त्या सगळ्या तलावांच्या काठावरून, डोकं खाली पाय वर, बोटाएवढी एक मुलगी चालत येऊ लागली. एकदम सगळ्यांतून. हातात पिशवी, अंगात पिवळा सदरा.

"मावशी?" दारातून आवाज आला. "अशी काय उभी आहेस?"

"हलू नकोस," मी म्हणाले. "नाही, हल. जरा हात हलव."

तिनं हात हलवला. चादरीवर वीस-पंचवीस इवल्या ढापण्यांनी हात हलवला.

ती येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "दुकानात रोज बघते गं मी हे. प्लसची काच तपासायची तर टेबलावर धरायची, वरची ट्यूबलाइट कागदावर उलटी पडते. पण ती नुसती ट्यूबलाइट. ही काच बाहेरचं काहीही आणू शकते, हे कधी डोक्यातच आलं नाही."

"काल का दिसलं नाही?"

"काल मागे काळपट पडदा होता. आणि ऊन आत होतं. आता ऊन बाहेर आहे, आत अंधार आहे." ती बोलता बोलता थांबली. "मावशी, सकाळी ऊन आत येतच नाही. दार पश्चिमेला आहे. दुपारी तीनपर्यंत काही जळणार नाही."

त्या क्षणी मी वही मिटली ती मिटली.

पुढचे सहा दिवस आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक. खिडक्यांना पुठ्ठे लावून पंपघर अंधारं केलं. मागच्या भिंतीवर पांढऱ्या चादरी ताणून बसवल्या, सुरकुती म्हणून राहू दिली नाही. काच एका दोरीनं टांगली की गिरकी घ्यायची, म्हणून प्रत्येकीला दोन दोऱ्या. आणि मुख्य म्हणजे अंतर. प्रत्येक काचेचं चित्र वेगळ्या अंतरावर नीट पडतं. ढापणीनं हिशेब सांगितला: शंभराला नंबरानं भागायचं. नंबर दोन असेल तर चादरीपासून पन्नास सेंटिमीटर, चार असेल तर पंचवीस, एक असेल तर मीटरभर. नवरा मुलगा शिडीवर, तोंडात टेप, खालून ढापणी ओरडतेय, "सव्वादोन! चव्वेचाळीस!" माझी दोन माणसं आधी एकमेकांकडे बघून हसायची. पहिलं चित्र लख्ख उमटल्यावर त्यांचं हसू थांबलं. त्यातला एक, जो मला कधी जास्तीचा खिळा ठोकून देत नाही, तो त्या दिवशी जेवायला गेला नाही.

कुणाच्या काचा टांगायच्या हा प्रश्न काकांनी सोडवला. म्हणाले, "विचारल्याशिवाय एकही लखोटा हलणार नाही." म्हणून ढापणी पत्रिका घेऊन घरोघर गेली आणि प्रत्येकाला विचारलं. मी दोन-चार घरी तिच्याबरोबर होते. लोकांना आधी कळायचंच नाही. मग कळलं की ते आत जाऊन कुणाचा तरी फोटो घेऊन यायचे. "हे बघ, ह्याच चष्म्यातला." एका बाईंनी वडिलांची, आईची आणि स्वतःची जुनी, तिन्ही काचा शेजारी शेजारी लाव म्हणून सांगितलं. "पण आईची मध्ये नको. ती दोघांत सापडली की वैतागायची." एका घरी मात्र गृहस्थांनी साफ नकार दिला. "माझे वडील काही शोभेची वस्तू नाहीत." ढापणीनं माफी मागितली, पत्रिका ठेवली आणि आम्ही जिना उतरलो. त्यांची काच खणातच राहिली.

प्लसच्या सगळ्या मिळून चौसष्ट झाल्या. प्रत्येक काचेखाली चादरीला तिचा तो जुना लखोटा टाचला, नावासकट. मायनसच्या काचा भिंतीवर काही आणत नाहीत, म्हणून तरुण मंडळींच्या आम्ही सह्यांच्या टेबलापाशी टांगल्या. त्यांतून पाहिलं की अख्खं पंपघर खेळण्याएवढं दिसायचं. ढापणीची स्वतःची शाळेतली काचही तिथेच होती. "माझी काच माझ्याच लग्नात बिनकामाची," ती म्हणाली.

"नवऱ्यामुलीला त्या दिवशी काम नसतंच," मी म्हणाले.

ताईला आम्ही काही सांगितलं नव्हतं. ती विचारतही नव्हती. आग लागणार नाही ना, एवढं एकदा विचारलं, नाही म्हटल्यावर "बरं" म्हणून गेली.

सोमवार उजाडला. अकराची वेळ. पाहुणे तलावाला वळसा घालून येत होते. काठाला नवऱ्या मुलानं पोहण्याच्या रांगा आखायच्या लाल-पांढऱ्या तरंगत्या माळा बांधल्या होत्या, तेवढीच काय ती बाहेरची सजावट. बायका एकमेकींच्या कानाला लागत होत्या. कुणीतरी ताईला म्हणालंही, "साधंच ठेवलंत म्हणजे." ताई तशीच पुढे होऊन आत शिरली.

बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर आधी काहीच दिसत नव्हतं. लोक चाचपडत पुढे येत होते. मग डोळे सरावले. मी मागच्या दाराशी उभी होते, सवयीप्रमाणे सटकायच्या बेतात, आणि पाय निघेना.

पहिलं कोण ओरडलं आठवत नाही. "अगं, पाणी बघ, पाणी वर आहे!" मग एकदम गलका झाला, आणि हळूहळू तो विरत गेला. ऐंशी माणसं, दारातला उजेड अडू नये म्हणून दोन्ही बाजूंना सरकून, त्या भिंतीसमोर उभी, आणि भिंतीवर चौसष्ट तलाव. कुठला हातभर, कुठला दोन बोटं. वरती चमचमतं निळं पाणी, खाली आभाळ, आणि कुणी उशिरा येणारा पाहुणा आभाळाला डोकं लावून लगबगीनं चालत होता, चौसष्ट ठिकाणी. माणसं लखोटे वाचू लागली. वाकून, बोट लावून. ज्याला आपला सापडला तो तिथेच थांबला. देवळात, रुग्णालयात, परीक्षेच्या खोलीत मी शांतता पाहिली आहे. ही वेगळी होती. कुणी कुणाला गप्प केलं नव्हतं.

त्या तीन काचांच्या बाई आईवडिलांच्या काचांसमोर उभ्या होत्या. "बाबांना स्वच्छ दिसतंय," मुलाला सांगत होत्या. "आईचं जरा धूसर आहे. तिनं कधी वेळेवर नंबर तपासलाच नाही."

ताई एकेक लखोटा वाचत सरकत होती. मला ठाऊक होतं ती काय शोधते आहे. उजवीकडून तिसरी ओळ, पावणेदोन नंबर, चादरीपासून सत्तावन्न सेंटिमीटर. ती तिथे पोचली. लखोट्यावर काकांच्या अक्षरात भाऊजींचं नाव होतं.

भाऊजींबद्दल एक सांगायला हवं. तो माणूस म्हणजे सगळं जग पूर्वेला निघालं तर हा पश्चिमेला. लोकांनी छत्री घेतली की हे टोपी घेणार. आयुष्यभर ताईनं त्यावरून डोकं फोडून घेतलं होतं.

मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. ताईनं त्या उलट्या तलावाकडे पाहिलं, उलट्या झाडांकडे पाहिलं, आणि म्हणाली, "हयातभर सगळं उलटंच बघितलं ह्यांनी. आता दाखवतायतही उलटंच."

आणि हसली. हसता हसता तिचा चेहरा वेडावाकडा झाला, आणि तिनं पदर नाही, रुमाल नाही, माझा खांदाच तोंडाशी ओढला.

तेवढ्यात दाराकडे तोंड करून उभं असलेलं कुणीतरी म्हणालं, "आली."

पण मागे वळून कोण बघतंय! सगळे भिंतीकडेच बघत राहिले. तलावाच्या पलीकडच्या काठावरून ढापणी निघाली होती, अंगात कोवळ्या पिवळ्या रंगाचा पोशाख, शेजारी तो. चौसष्ट ढापण्या, चौसष्ट नवरे, पाण्याखालून आभाळात पाय न टेकता चालत होते. उन्हात तिचा चष्मा चमकला की चौसष्ट ठिणग्या एकदम उडत होत्या. ती जवळ येत होती तशी मोठी होत होती. कुणाच्या वडिलांच्या काचेतून, कुणाच्या शिक्षिकेच्या, कुणाच्या स्वतःच्या चाळिशीतल्या काचेतून.

ताईनं हात पुढे केला आणि तळहात काचेकडे करून पंजा चादरीवर टेकवला, बरोबर भाऊजींच्या काचेमागे. तलाव तिच्या हातावर पडला. ज्या लेकीला आजवर तळहाताच्या फोडासारखं जपलं, ती उलटी, बोटाएवढी, तिच्या तळहातावरून चालत गेली. करंगळीपासून अंगठ्याकडे. ताई श्वास रोखून उभी होती, जणू हात हलला तर पोरगी पडेल.

मग ढापणी दारात आली, दारातला उजेड अडला, आणि सगळ्यांना आठवलं की लग्न मागे आहे. लोक वळले. आणि खऱ्या, सुलट्या, हाडामांसाच्या ढापणीला पाहून इतक्या मोठ्यानं टाळ्या पडल्या की तीच दचकली.

सह्या झाल्या. सही घ्यायला आलेले अधिकारी दोनदा चुकीच्या रकान्यात लिहून बसले, कारण त्यांचं लक्ष भिंतीवर होतं. ज्या गृहस्थांनी काच द्यायला नकार दिला होता, तेही आले होते. सगळा वेळ दाराजवळ उभे राहिले. निघताना त्यांनी काकांना काहीतरी विचारलं, काकांनी मान हलवली. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

जेवणं तलावाच्या काठावर झाली. दोन वाजता मी आणि काका काचा उतरवायला आत गेलो, तीनच्या आत सगळं काढायला हवं होतं. लोक एकेक करून येत होते आणि आपापला लखोटा घेऊन जात होते. कुणी खिशात, कुणी पाकिटात, एका आजोबांनी तर चष्म्याच्या घरातच. ताईनं आपला घेतला तेव्हा मी बघितलं नाही असं दाखवलं.

शेवटी नऊ काचा राहिल्या, आणि आम्ही दोघे. काका खुर्ची ओढून भिंतीसमोर बसले होते. "एकोणपन्नास वर्षं ह्या काचा विकल्या," ते म्हणाले. "लोकांना सांगितलं, ह्यातून बघा. ह्यांच्याकडे बघा असं कधी सुचलं नाही."

बाहेर ओरडाआरडा झाला. चादरीवर पाहिलं तर तलावाच्या काठावर नवऱ्या मुलाचे सगळे विद्यार्थी त्याला घेरून उभे. कळायच्या आत त्याला ढकललं. पण भिंतीवर तो पडला नाही. भिंतीवर तो उडाला. लग्नाच्या कपड्यांसकट, हात पसरून, सरळ वरच्या निळ्या पाण्यात शिरला, आणि पाण्याचे थेंब पावसासारखे खाली आभाळात कोसळले. नऊ ठिकाणी.

काकांनी माझं मनगट धरलं.

मग काठावर ढापणी आली. तिनं चष्मा काढून ताईच्या हातात दिला. आता तिला तो दिसत नव्हता, तलाव दिसत नव्हता, काहीच दिसत नव्हतं. फक्त त्याची हाक ऐकू येत असणार. ती क्षणभर आवाजाच्या दिशेनं मान वळवून उभी राहिली. आणि उडाली.

मी पुढची काच उतरवायला हात वर नेला.

"राहू दे," काका म्हणाले. "थोडा वेळ राहू दे."